वेणीचं झाड आणि वकीलबाई

सोमवार, २ फेब्रुवारी

सूनबाई,

आशीर्वाद तर आहेतच, ते काही कुठे जात नाहीत. आधी बातमी ऐक. मी वकील केलाय. म्हणजे वकीलबाई. घाबरू नकोस, भांडण नाही, कोर्ट नाही, कुणी कुणाचं डोकं फोडलेलं नाही. पण सकाळी डोळे उघडले की पहिलं तेच आठवतं, आपल्याला एक वकील आहे, आणि मला मेलीला हसू येतं. तुझ्या सासऱ्यांना उभ्या जन्मात स्वतःचा असा डॉक्टरसुद्धा नव्हता, जो सापडेल तो.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "बरं आहे, ठेवते" म्हणतेस. पत्र काही तसं ठेवता येत नाही. निदान पाकीट तरी फोडावं लागतं.

तर झालं असं. नदीपलीकडे काचेची मोठी इमारत बांधत होते बघ, तू असताना नुसते खांब होते. ती उभी राहिली. सगळे मजले एकाच कंपनीचे. त्यांना आत झाडं हवीत. विकत नकोत, भाड्याने. आणि दर आठवड्याला आपणच जायचं, पाणी घालायचं, पानं पुसायची, वाळकं खुडायचं. दवाखान्यात आणि बँकेत आपण करतो तेच, पण तिथे चार कुंड्या आणि इथे जंगल. त्यांचे साहेब स्वतः नर्सरीत आले. पांढरे बूट घालून नर्सरीत येणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. वाफ्यांच्या मधून असे चालत होते जसं काही खाली साप झोपलेत. ठकीचा बाप त्यांच्या पुढे पुढे. (मी त्याचं नाव लिहीत नाही. नाव दिसलं की आई पत्र बाजूला ठेवते, असं ठकीनेच मला सांगितलंय. पोरीला रागावू नकोस, मीच खोदून विचारलं.)

मग आला करार. करार कसला, उशीच, एवढा जाड. ठकीचा बाप म्हणाला, "आई, सही करून टाकू. असले कागद कुणी वाचत नाही."

मी म्हटलं, "कुणी वाचत नाही तर एवढं लिहिलं कुणी?"

मी वाचायला बसले. माझी शाळा किती ते तुला ठाऊक आहे, तरी अक्षर लागतं मला. एकेक शब्द सुटा सुटा ओळखीचा, पण वाक्य झालं की परकं. आपल्यात कलम म्हणजे फांदीवर बांधतात ते, इथे कलमाच्या पोटात पोटकलम, त्याच्या पोटात आणखी काहीतरी. चष्मा काढला आणि म्हटलं, हे आपलं काम नाही, जाणत्याला दाखवू. बँकेतल्या कॅशियरबाईंनी पत्ता दिला. चपला शिवणाऱ्याच्या दुकानावर खोली. जिना इतका अरुंद की फायलीच जास्त वर जात असतील, माणसं कमी.

वकीलबाई तुझ्या वयाची. केस कापलेले, बोलणंही तसंच, कापलेलं. खिडकीत एक मनीप्लांट मरायला टेकलेला. ती कागद चाळत होती तोवर मी ती कुंडी मांडीवर घेतली, माती मोकळी केली, कुजलेलं मूळ काढलं.

"आजी, कुंडी खाली ठेवा आणि इकडे लक्ष द्या."

"कान तिकडेच आहेत, हात रिकामे होते."

मग तिने जे विचारलं ते मला फार आवडलं. म्हणाली, "दोन गोष्टी सांगा. यातून तुम्हाला काय हवंय, आणि काय झालं तर तुम्हाला झोप लागणार नाही. बाकीचं वाचणं माझ्याकडे लागलं."

मी म्हटलं, काम हवंय. आणि आजारी झाड तिथेच सोडून यावं लागलं तर झोप लागणार नाही. तिने ते लिहून घेतलं. माझं बोलणं कुणी लिहून घेतंय, हे काय थोडं झालं?

ठकीचा दात पडला का? तुझं वेणीचं झाड मजेत आहे. साहेब त्याच्यापाशी बराच वेळ उभे राहिले. तीन खोडं एकमेकांत गुंफलेली, त्यांनी कधी पाहिली नव्हती. "हे कुणी केलं?" म्हणाले. मी म्हटलं, "घरातच."

जप,
आई


गुरुवार, १२ फेब्रुवारी

सूनबाई,

जिंकलो. म्हणजे लढाई नव्हती, पण मला तसंच वाटतंय, तर तसंच लिहिते.

वकीलबाईने तो करार असा वाचला जसा मी पानाची मागची बाजू बघते, कीड मागेच बसते ना. तिला सापडलं. त्यात लिहिलं होतं की एकदा झाड त्यांच्या इमारतीत ठेवलं की ते तिथून हलवायचं नाही, आणि मुदत संपली की सगळी झाडं त्यांची. मेलं तर मेलं, नवं आणून ठेवायचं.

मी म्हटलं, "बाई, असं कसं? आमची झाडं तर ये-जा करतात."

तिला समजावून सांगावं लागलं. तुला काय सांगायचं, ही पद्धत तूच सुरू केलीस. थंड हवेच्या मशीनखाली झाड महिना दीड महिना टिकतं, मग सुकायला लागतं. चहाचा उरलेला घोट लोक कुंडीत ओततात, ते वेगळंच. मग त्याला घरी आणायचं, सावलीत ठेवायचं, आणि त्याच्या जागी दुसरं धडधाकट पाठवायचं. तू त्याला माहेरपण म्हणायचीस. "आई, आज बँकेतल्या दोघी माहेरी आल्यात, त्यांना काम सांगू नका." तू इतक्या गंभीर चेहऱ्याने म्हणायचीस की गिऱ्हाईक इकडे तिकडे बघायचं.

वकीलबाई हसली नाही. म्हणाली, "याला अदलाबदलीचा हक्क म्हणू. हे लिहून घेतल्याशिवाय तुम्ही सही करायची नाही."

आणि तिने आणखी बरंच काही विचारलं. वकील खूपच विचारतात, सूनबाई. इतकं कशाला विचारायचं असतं, कुणास ठाऊक.

मग आम्ही दोघी त्या इमारतीत गेलो. ठकीचा बाप खाली गाडीपाशी थांबला, मीच थांबवला, तो मध्येच "चालेल, चालेल" म्हणतो. वर एवढं लांब टेबल की पलीकडचा माणूस काय म्हणतो ते ऐकायला मान पुढे काढावी लागे. त्यांचाही वकील होता, कोवळा पोरगा, शब्द चावून बोलणारा. तो म्हणाला अदलाबदल जमणार नाही. आमची बाई म्हणाली, मग आमच्या पक्षकारांना विचार करावा लागेल. पक्षकार म्हणजे मी. मी लगेच विचार करत असल्यासारखा चेहरा केला.

शेवटी मानले. अदलाबदलीचा हक्क मिळाला, लेखी. तोडगा निघाला म्हणजे काही घ्यावं लागतं, काही सोडावं लागतं, ते सगळीकडेच असतं. सही करताना वकीलबाईने कागद धरून ठेवला. घरी येताना मी ठकीच्या बापाला गाणं लावायला सांगितलं.

तुझं झाड छान आहे. जास्त उजेडाच्या जागी हलवलंय. माणसं थांबून बघतात.

जास्त लिहीत नाही, डोळे चुरचुरतात.

आई


सोमवार, २३ फेब्रुवारी

सूनबाई,

तुझं पत्र आलं. किती दिवसांनी तुझं अक्षर पाहिलं. तुला घर मिळालं, स्वतःचं, बाल्कनीचं, हे मी शेजारणीला, दूधवाल्याला आणि जो येईल त्याला सांगितलं. ठकीने काढलेलं बाल्कनीचं चित्र भिंतीला लावलंय. कठड्यापेक्षा झाडच मोठं काढलंय तिने, आणि झाडाला रिबीन.

मार्चच्या शेवटी येऊन झाड नेणार म्हणतेस. ने की. तुझंच आहे. पण मी म्हणते, जरा थांबलीस तर? बाल्कनी कुठल्या अंगाला आहे ते तू लिहिलं नाहीस. ऊन थेट येत असेल तर पानं भाजतील. वारा असेल तर कुंडी कलंडेल. आणि नेणार कशातून, एवढं उंच झालंय ते. नव्या घरात आधी पडदे, भांडी, ठकीची शाळा, सगळं लागू दे. झाड काय, कधीही नेता येईल. असं मला वाटतं. तुला तसं वाटायला हवं असं नाही.

इकडे सगळं ठीक. गुरुवारी इमारतीत जाते. वॉचमन मला "झाडवाल्या डॉक्टरीणबाई" म्हणतो आणि सलाम ठोकतो. मी पण ठोकते. तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी कुंडीशी बोलते, फोनवर बोलतेय असं दाखवते, पण मला कळतं.

तुला एक लांब पत्र लिहायचं आहे. हे ते नाही.

आई


बुधवार, ४ मार्च

सूनबाई,

हे ते.

तुझं झाड घरी नाही. काचेच्या इमारतीत आहे, खालच्या दालनात, दाराच्या समोर. आणि करारात मी ते त्यांना देऊन टाकलंय.

लिहून टाकलं. आता पाणी पिऊन आले. कसं झालं तेही सांगते. सांगितल्याने कमी होत नाही, पण तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे.

साहेब पहिल्यांदा आले तेव्हाच त्यांचा डोळा त्या झाडावर बसला होता. नमुना म्हणून आठवडाभर ठेवा म्हणाले. ठकीच्या बापाने गाडीत चढवलं. मी त्याला "ते नको" म्हटलं नाही. गाडी त्याने चालवली, पण बोट मी दाखवलं होतं, तेव्हा त्याच्यावर ढकलत नाही. एक आठवडा तर, असं मनाशी म्हटलं.

मग वकीलबाईने तिच्या खोलीत मला विचारलं. तुला लिहिलं होतं ना, फार विचारते म्हणून. तर हे विचारलं होतं. "आजी, ही सगळी झाडं तुमचीच ना? कुणी सांभाळायला ठेवलेलं, उसनं आणलेलं, असं एखादंही नाही ना? करारात तुम्ही तशी हमी देताय."

मी म्हटलं, "सगळी आमची."

खोटं बोलतेय असं मला वाटलंच नाही, सूनबाई. तेच तर मला आता खातंय. चोरी केल्यासारखं वाटलं असतं तर बरं झालं असतं, जीभ अडखळली तरी असती. मला वाटलं, सुनेचं म्हणजे आपलंच. तुझे हंडे, तुझी शिलाई मशीन, तुझं झाड, सगळं या घराचंच ना. तू जाताना दारात उभी राहून म्हणाली होतीस, "आई, हे एवढं माझं आहे. घर मिळालं की नेते." मी मान हलवली होती. काय ऐकलं मी तेव्हा? तू परत येशील, एवढंच ऐकलं असणार.

आणि त्या लांब टेबलावर अशी वेळ आली. साहेब म्हणाले, "बाकीच्या झाडांची करा अदलाबदल. ते वेणीचं झाड मात्र हलणार नाही आणि ते आमचं राहील. त्याचा फोटो आमच्या माहितीपत्रकावर जातोय." वकीलबाई माझ्या कानाशी वाकली. "एक झाड जातंय आणि बाकी सगळं मनासारखं मिळतंय. झाड तुमचं आहे, तुम्ही ठरवा."

मी म्हटलं, "चालेल."

विचार केला नाही, असं नाही. केला. मनात आलं, दोन वर्षांत आली नाही न्यायला. मनात आलं, न्यायला आली तर तेवढं घेऊन जाईल आणि मग या घरात तिचं काहीच उरणार नाही. हे दुसरं मी कुणालाच सांगितलेलं नाही. मग ते त्या लोकांना देऊन काय राहिलं घरात, असं तू विचारशील. बरोबर आहे.

तुझं बाल्कनीचं पत्र आलं. तुला ती ऊन-वाऱ्याची कारणं लिहिली. मग वकीलबाईकडे गेले. ती इतकी चिडली की खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेली.

"आजी, मी तुमच्या बाजूची आहे. माझ्याशी खोटं बोलून तुम्ही कुणाला फसवलंत?"

"मला खोटं वाटलं नाही हो."

"झाड लावलं कुणी?"

"सुनेने. दवाखान्याच्या आवारातनं फेकलेल्या तीन काड्या उचलून आणल्या होत्या तिने."

"वाढवलं कुणी? वेणी कुणी घातली?"

"तिनेच. रोज संध्याकाळी आधी पोरीची वेणी, मग झाडाची. चिंध्यांनी बांधायची, सैल करायची, पुन्हा बांधायची. वर्षानुवर्षं."

"मग यात तुमचं काय आहे?"

"कुंडी," मी म्हटलं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

ती म्हणते, जे माझं नव्हतं ते मला देता येत नाही, आणि हमी खोटी निघाली तर ते करार मोडू शकतात. वाट एकच सांगितली. तू लिहून दिलंस की झाड द्यायला तुझी हरकत नाही, तर सगळं मिटतं. तिने तसा संमतीचा कागद केला. पाकिटात आहे. खाली तुझ्या सहीची जागा आहे.

सही कर असं मी म्हणत नाही. पण कागद घातलाय, म्हणजे म्हणतेच आहे. हे काम गेलं तर ठकीच्या बापाची गाडी जाईल, ती त्याने या कामाच्या भरवशावर घेतलीय. हे तुला दडपण म्हणून लिहिलं का? थोडं तसंच. खोडावं असं वाटलं होतं, पण खोडलं तर तू उजेडात धरून वाचशील.

आई


मंगळवार, १७ मार्च

सूनबाई,

कागद परत आला. सही नाही, चिठ्ठी नाही, नुसता कागद, होता तसा दुमडलेला. मी उलटा करूनही पाहिला.

आधी मला रागच आला, खरं सांगते. एक ओळ लिहिली असती, चार शिव्या दिल्या असत्या. दोन दिवस नर्सरीत सगळ्यांवर खेकसले, शेवटी ठकीचा बाप म्हणाला, "आई, झाडांवर तरी ओरडू नकोस, ती उद्या इमारतीत जायची आहेत." मग बसले आणि कागद पुन्हा वाचला. या वेळी वाक्यसुद्धा लागलं. वरच लिहिलं होतं, "मी माझ्या राजीखुशीने". तुझी खुशी कुणी विचारली होती? झाड दिल्यावर तुझ्यापुढे कागद सरकवायचा आणि राजीखुशीने लिही म्हणायचं. मला माझीच लाज वाटली.

वकीलबाईकडे गेले. म्हटलं, साहेबांची वेळ घ्या, मला त्यांना सांगायचंय.

"काय सांगणार?"

"खरं."

"हमी खोटी दिली हे आपण होऊन सांगणार? मी वकील म्हणून तुम्हाला आधी धोके समजावून सांगते." तिने सांगितले, बोटांवर मोजून. मी सगळे ऐकले. शेवटी म्हणाली, "आता वकील म्हणून नाही, तशीच विचारते. नक्की ना?"

"नक्की म्हणजे काय, तुम्ही मोजलेली बोटं लक्षात आहेत. पण जाऊ."

साहेब चांगले वागले, आधी तरी. पाणी मागवलं. मी म्हटलं, "साहेब, दारातलं ते वेणीचं झाड माझं नाही. माझ्या सुनेचं आहे. तिला न विचारता मी दिलं."

ते हसले. "सून म्हणजे घरातलीच की, आजी."

"मी पण हेच म्हणून दिलं. तेच चुकलं."

त्यांना कळेना. "मग तिला सांगा ना, घरातल्या घरात मिटवा."

"ती वेगळी राहते. तिने सही केली नाही. आणि मी तिला पुन्हा विचारणार नाही."

मग तो चावून बोलणारा वकील पोरगा आला आणि गोडवा संपला. हमी, फसवणूक, करार रद्द, असं बरंच बोलला. आमची बाई एकेक शब्द धरत होती आणि परत टेबलावर ठेवत होती. मी मध्ये बोलले नाही, फक्त एकदा म्हटलं की त्याच्या पाठीमागच्या कुंडीत कुणीतरी कॉफी ओततंय. सगळे वळून बघायला लागले. त्याचाच कप होता.

शेवटी काय ठरलं ते ऐक. करार राहिला, पण वर्षापुरता. झाड सोडायला ते तयार झाले, आणि त्याच्या बदल्यात अदलाबदलीचा हक्क काढून घेतला. म्हणजे वर्षभर माझ्या झाडांना माहेर नाही. सुकेल ते तिथेच सुकेल, आणि मी त्याच्या जागी नवं ठेवायचं. वकीलबाई सही करायच्या आधी माझ्याकडे बघत होती. पहिल्या दिवशी मी तिला झोपेचं सांगितलं होतं ना.

ठकीच्या बापाने मला घरी आणलं. गाडी लावल्यावर म्हणाला, "तिच्या एका झाडापायी, आई?" मी म्हटलं, "हो." तो आत गेला. जेवायला मात्र बसला माझ्याजवळच.

तर आता झाड तुझं आहे, आणि तसं लिहिलेलं आहे. वॉचमनकडे चिठ्ठी ठेवलीय, या महिन्यात कधीही तू आलीस की तो सोडेल, कुणी अडवणार नाही. पण आधी घरी ये. चहा घेऊ, मग सगळे मिळून आणायला जाऊ. ठकीचा बाप असणार नाही, मी त्याला कुठेतरी पाठवीन. ठकीला सांग, तिच्यासाठी छोटी झारी घेतलीय, जास्त पाणी सांडत नाही अशी.

वाट बघते.

आई


गुरुवार, २ एप्रिल

सूनबाई,

आज माझा इमारतीतला दिवस. दारातनं आत गेले तर समोर फरशीवर कुंडीचा गोल डाग, बाकी मोकळं. वॉचमन सलाम ठोकायचं विसरला.

"शनिवारी नेलं," म्हणाला. "तुमची सून टेम्पो घेऊन आली होती. चिठ्ठी होती म्हणून सोडलं. बरोबर केलं ना?"

"बरोबर केलंत."

मग मी त्याच्या स्टुलावर बसले आणि त्याच्याकडून सगळं काढून घेतलं, तुला माहीत आहे मी कशी आहे. म्हणाला, तू बराच वेळ झाडाभोवती फिरत होतीस. खालची तुझी जुनी चिंधी, खोडात रुतत चालली होती ती, नखाने सोडवलीस. ती मला दिसली नव्हती. आठवड्याला पानं पुसत होते आणि खाली वाकून बघितलं नाही. ठकी म्हणे उंच झालीय. तिने विचारलं, "आजी इथे येते का?" तो म्हणाला, दर गुरुवारी येतात. ठकी म्हणाली, "आज कुठला वार?" तू म्हणालीस, "चल."

शनिवार मुद्दाम निवडलास का, ते मी विचारत नाही. घरी का आली नाहीस, तेही नाही. आलीस, झाड नेलंस, चांगलं केलंस. मी घरी तुझ्या वाटेकडे डोळे लावून होते, तर त्यात तुझा काय दोष, वाट बघायचं मीच ठरवलं होतं.

आज तिसऱ्या मजल्यावरचं एक झाड सुकायला लागलंय. घरी आणता येत नाही. खिडकीकडे फूटभर सरकवलं. करारात सरकवायला बंदी नाही, वकीलबाईला विचारून घेतलंय. आता मी सगळं आधी विचारते. ती कंटाळली असेल.

एक मात्र तुला लिहायलाच हवं, आणि ते लिहायलाच बसलेय. झाडाची पानं गळतील. जागा बदलली की या जातीची गळतातच. हिरवीच्या हिरवी, पिवळी न होता, टेम्पोतनं उतरल्यापासूनच सुरू होईल. इमारतीत नेलं तेव्हाही निम्मी गळाली होती, मी ती पिशवीत भरून आणली आणि तुला "छान आहे" म्हणून लिहिलं. तुला वाटेल झाड मरतंय. ते मरत नाही. रुसल्यासारखं करतं. त्याची जागा रोज बदलत बसू नकोस, एकदा ठेवलंस तिथेच राहू दे. खत घालू नकोस. आणि घाबरून पाणी जास्त घालू नकोस, बोट मातीत घाल, कोरडं लागलं तरच घाल. तू झाडं माझ्यापेक्षा जास्त जाणतेस, पण आपल्या स्वतःच्या झाडाच्या बाबतीत माणूस घाबरतो.

एवढं एक ऐक माझं. बाकी कशात ऐकायची तुला गरज नाही.

ठकीची आजी